सालईचा धूप आणि ताओची धूपदानी

सातपुड्याचा स्वतःचा धूप म्हणजे सालईचा डिंक. झाडाच्या खोडातून तो पातळ, चिकट, पिवळसर पाझरतो आणि उन्हावाऱ्याने घट्ट होऊन त्याचे खडे बनतात. निखाऱ्यावर टाकला की आधी वितळतो, मग फसफसतो आणि लिंबू-पाइनच्या जवळ जाणारा वास घेऊन पांढरा धूर उठतो. आयुर्वेदात या झाडाला शल्लकी आणि त्याच्या डिंकाला कुंदुरू म्हणतात. वनस्पतिशास्त्रातले नाव बॉसवेलिया सेराटा. अरबस्तान आणि सोमालियाच्या किनाऱ्यावरून हजारो वर्षे जगभर जाणारा लोबान याच बॉसवेलिया प्रजातीच्या झाडांचा. चीनमध्ये त्याला ‘रू श्यांग’ म्हणतात, आणि तेथील धूपाच्या व्यापारात तो शतकानुशतके अग्रभागी होता. खानदेशातल्या यावलच्या डोंगरातले झाड आणि चीनच्या ताओ धर्मातल्या पुरोहिताची धूपदानी यांच्यात असे दूरचे, पण खरे नाते आहे.

यावल तालुक्याच्या उत्तरेला मध्य प्रदेशाची हद्द येईपर्यंत सातपुड्याचे डोंगर आहेत. येथील सुमारे 175 चौरस किलोमीटर जंगल 1969 मध्ये अभयारण्य म्हणून घोषित झाले. साग, अंजन, धावडा, खैर, तेंदू या झाडांबरोबर खडकाळ, पाणी न थांबणाऱ्या उतारांवर सालई दिसते. माती जवळजवळ नाही अशा जागीही ती तग धरते. तिची साल कागदासारखे पापुद्रे सोडते. हिवाळा सरता सरता पाने गळतात आणि उघड्या फांद्यांवर बारीक पांढरट फुलांचे तुरे येतात. डोंगरात पावरा, बारेला आणि भिल्ल वस्त्या, पायथ्याला तडवी भिल्लांची गावे आणि त्याखाली केळीचा सपाट मुलूख अशी या भागाची मांडणी आहे.

सालईचे लाकूड मऊ असल्याने इमारतीला निरुपयोगी ठरते. स्वातंत्र्यानंतर त्याला एक अनपेक्षित गिऱ्हाईक मिळाले. सातपुड्याच्याच कुशीत, बऱ्हाणपूरजवळ नेपानगरला 1950च्या दशकात देशातला वर्तमानपत्री कागदाचा पहिला मोठा कारखाना सुरू झाला, आणि त्याच्या लगद्यासाठी बांबूबरोबर सालई वापरली गेली. देवापुढे जळणाऱ्या झाडाच्या लाकडावर बातम्या छापल्या जात होत्या. खुद्द यावलची जुनी ओळखही हातकागद आणि नीळ यांचीच होती; इंग्रजी अमदानीतल्या खानदेश गॅझेटियरमध्ये तशी नोंद आहे.

डिंक काढण्याचा हंगाम पाऊस संपून थंडी सुरू झाली की लागतो आणि पुढच्या पावसाच्या तोंडापर्यंत चालतो. जाडजूड, पूर्ण वाढलेले झाड निवडतात. जमिनीपासून हात-दीड हात उंचीवर सालीचा उथळ पट्टा तासतात. घाव सालीपुरताच हवा. तो लाकडात उतरला तर झाड दुखावते, कीड लागते आणि वाऱ्यात खोड मोडते. काही दिवसांत त्या जागी थेंब धरतात. ते खरवडून घेतले की वरच्या अंगाला पुन्हा थोडी साल तासायची, अशी जखम हंगामभर हळूहळू वर सरकते. चांगले झाड वर्षाकाठी साधारण किलोभर डिंक देते, क्वचित दीड किलो. ताजा डिंक हाताला, कोयत्याला, टोपलीला चिकटतो आणि त्यात सालीचे तुकडे, मुंग्या, माती सारे अडकते. बांबूच्या टोपलीत तो महिनाभर ठेवला की त्यातला पातळ रस निथळतो आणि मागे घट्ट भाग उरतो. तो उन्हात सुकवून, फोडून, निवडून त्याचे खडे, कणी आणि भुकटी वेगळी करतात. स्वच्छ, पारदर्शक, सोनेरी खड्याला सर्वांत जास्त भाव मिळतो. या डिंकाचा मोठा हिस्सा आता देवघरात न जाता औषध कारखान्यांत जातो, कारण त्यातल्या बॉसवेलिक आम्लांना सांधेदुखीच्या गोळ्यांसाठी जगभर मागणी आहे.

खानदेशातल्या धर्माचारात धूप दोन वेगळ्या रीतींनी येतो, आणि त्या एकमेकींत मिसळू नयेत. पहिली रीत देवघराची. संध्याकाळी गोवरीचा राख चढलेला निखारा धुपाटण्यात घेऊन त्यावर धूप किंवा राळ टाकतात आणि घरभर, गोठ्यातही फिरवतात. श्रावणात कानबाईचा उत्सव असतो, त्या रात्री स्थापनेपुढे हा धूर जागरणभर चालू राहतो. सातपुड्याच्या पायथ्याशी, यावल तालुक्यात आडगावजवळ मनुदेवीचे ठाणे आहे. कुळाचार फेडायला येणारी कुटुंबे तेथे नारळ-ओटीबरोबर धूप आणतात. भगताकडे रुग्ण किंवा झपाटलेला माणूस नेला की पहिले काम निखारा पेटवण्याचे असते, आणि परत येताना कपाळाला लावायचा व पुडीत बांधून न्यायचा तो अंगारा. तडवींच्या गावांतील दर्ग्यांवर गुरुवारी ऊद-लोबान जळतो. धूर तोच राहतो, नाव आणि दैवत बदलते.

दुसरी रीत पितरांची. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, खानदेशात घागर भरतात आणि ‘आगारी’ टाकतात. गोवरीच्या विस्तवावर तुपाची धार, त्यावर पुरणपोळी आणि आमरसाच्या नैवेद्याचे घास ठेवून भोवती पाण्याचे मंडल काढायचे आणि पूर्वजांची नावे घ्यायची. येथे सुगंधी डिंकाची गरज नसते, अन्नाचाच धूर होतो. तूप चुरचुरून ज्वाळा उठली की पितरांनी घास घेतला असे मानतात. वर गेलेल्या माणसापर्यंत पोचायला धुराइतके हलके वाहन दुसरे नाही, ही या कृतीमागची समजूत आहे. ताओ धर्माचा सगळा धूपविधी याच समजुतीवर उभा आहे. फरक इतकाच की तेथे तिचे शास्त्र बनले.

ताओ परंपरेत धूपदानी हे देवळाचे केंद्र आहे. मूर्ती नंतर आल्या. दक्षिण चीनमधील पाचव्या शतकातला ताओ विद्वान लू श्योचिंग (इ.स. 406–477) याने भक्ताच्या घरातील ‘शांत खोली’चे वर्णन करताना तिच्यात फक्त चार वस्तू असाव्यात असे लिहिले आहे: धूपदानी, दिवा, निवेदन लिहिण्याचे मेज आणि लेखनाची सुरी. देवाची प्रतिमा या यादीत नाही. त्याच्याही आधी हान काळात ‘बोशान लू’ नावाच्या डोंगराच्या आकाराच्या धूपदान्या घडवल्या जात. झाकणावर शिखरे, दऱ्या, जनावरे, आणि कड्यांच्या आडच्या भोकांतून निघणारा धूर अमरांच्या पर्वतावरील धुक्यासारखा पसरे. इ.स.पूर्व 113 मध्ये वारलेल्या राजपुत्र ल्यू शेंगच्या मानचेंग येथील थडग्यात, 1968च्या उत्खननात, सोन्याच्या तारा जडवलेली अशी एक धूपदानी मिळाली.

मोठ्या ताओ विधीची सुरुवात ‘फा लू’ने होते, म्हणजे धूपदानी जागवण्याने. पुरोहित 24 वेळा दातांवर दात वाजवतो. त्याला धर्माचा नगारा म्हणतात. मग आपल्याच देहात राहणाऱ्या सूक्ष्म अधिकाऱ्यांना तो आवाहन करतो, आणि ते धुरावर स्वार होऊन यजमानाचा लेखी अर्ज स्वर्गातल्या दरबारात घेऊन जातात. विधी संपताना ‘फू लू’ होतो, तेव्हा हे दूत परत देहात येतात आणि धूपदानी शांत केली जाते. स्वर्गाची कल्पनाच सरकारी दफ्तरासारखी असल्यामुळे अर्ज, शिक्का, दूत आणि मार्ग हे सारे नेमलेले लागते, आणि मार्ग म्हणजे धूर. रोजच्या पूजेत हे आवाहन नसते. तेथे भक्त तीन काड्या पेटवतो, तीन ‘शुद्धां’साठी, म्हणजे ताओ धर्मातल्या तीन सर्वोच्च देवांसाठी, एकेक. त्या डाव्या हाताने रोवतो आणि दोन काड्यांत बोटभरापेक्षा जास्त अंतर पडू देत नाही. ज्योत तोंडाने फुंकून विझवणे तेथेही वर्ज्य आहे. मराठी घरातही उदबत्ती फुंकायची नाही, हलवून विझवायची, असे लहानपणीच शिकवतात.

धूप कोणता जाळावा याबद्दल ताओ ग्रंथ अतिशय काटेकोर आहेत. सर्वश्रेष्ठ मानला गेला तो ‘ज्यांगझेन श्यांग’. हे तांबूस, तेलकट लाकूड जाळले की ‘सिद्ध खाली उतरतात’ अशी श्रद्धा होती. मिंग घराण्यातला राजपुत्र झू च्वान (1378–1448) हा स्वतः ताओपंथी होता. त्याने आपल्या आचारग्रंथात ज्यांगझेनला पहिला आणि अगरुला त्यानंतरचा मान दिला, आणि चंदन, लोबान, अन्सी धूप हे परदेशी म्हणून स्वर्गीय नियमाने निषिद्ध ठरवले. म्हणजे सालईच्या जातभाईला तेथे वेदीवर प्रवेश नव्हता. गंमत अशी की ज्यांगझेनचे लाकूडही बरेचसे सुमात्रा आणि मलाया भागांतूनच येत असे. 1974 मध्ये च्वानचौच्या किनाऱ्यावर तेराव्या शतकातले एक बुडालेले जहाज सापडले. त्यात दोन टनांहून अधिक सुगंधी लाकूड होते, आणि ज्यांगझेन, अगरु, चंदन यांच्या शेजारी थोडा लोबानही होता. शास्त्र काहीही सांगो, बाजारात लोबानाची रेलचेल होती. इ.स. 1077 मध्ये तीन चिनी बंदरांत मिळून 3,54,449 चिन लोबान उतरला, आणि त्यातला 3,48,673 चिन एकट्या ग्वांगचौला. एक चिन अर्ध्या किलोहून थोडा जास्त धरला तरी हा हिशेब 200 टनांच्या वर जातो.

हाताने धूप बनवणे हा ताओ साधनेचा भाग कसा होतो, हे ‘शिनलिंग श्यांग’ या धूपाच्या कृतीतून सर्वांत स्पष्ट दिसते. मिंग काळच्या संग्रहांत ती मिळते. घटकांत अगरु, लवंग, नागरमोथा, जटामांसी अशी नावे आहेत. यातल्या नागरमोथ्याची आणि जटामांसीची ओळख मराठी वाचकाला दिवाळीच्या उटण्यापासून असते. वेगळेपण आहे ते वेळापत्रकात. चिनी दिनगणनेत साठ दिवसांचे चक्र असते. त्या चक्राच्या पहिल्या, म्हणजे ज्याझ, दिवशी सर्व द्रव्ये एकत्र करायची. बारा दिवसांनी, बिंगझ दिवशी, कुटायची. आणखी बारा दिवसांनी मळायची. पुढच्या बाराव्या दिवशी वड्या पाडायच्या, आणि त्यानंतरच्या बाराव्या दिवशी डबीत भरून ठेवायच्या. एकूण अठ्ठेचाळीस दिवसांचे काम झाले, आणि त्यात प्रत्यक्ष हात लागतो तो फक्त पाच दिवस. मधल्या काळात द्रव्ये मुरतात. हे मुरणे कारागिराच्या दृष्टीनेही उपयोगाचे आहे, कारण कडक वास मऊ होतो. पण ग्रंथाला अभिप्रेत आहे ते दिवसाचे बळ. कुटणारा शुचिर्भूत हवा, खोली स्वच्छ हवी, आणि काळ चुकला तर धूप नुसता सुगंधी राहतो, देवापर्यंत पोचत नाही.

येथे खानदेशाशी खरा फरक पडतो. सातपुड्यात डिंक काढणे ही मजुरी आहे. झाडाला घाव घालणाऱ्याच्या हाताला पावित्र्य चिकटत नाही आणि त्याची अपेक्षाही नसते. डिंक बाजारात विकला जातो, किराणा दुकानात राळेच्या, ऊदाच्या आणि कधी भेसळीच्या संगतीला बसतो, आणि देवाचा होतो तो निखाऱ्यावर पडल्यावर. ताओ धूपाचे पावित्र्य उलट खलबत्त्यातच सुरू होते. एका परंपरेने पूजेचा भार जाळण्यावर टाकला, दुसरीने बनवण्यावर. त्यामुळेच चीनमध्ये धूपकारांची घराणी मानाने नांदली. फुजियान प्रांतातील योंगचुन हे त्यांचे गाजलेले ठिकाण. तेथील पू घराणे च्वानचौत स्थायिक झालेल्या अरब व्यापाऱ्यांच्या वंशातले. मुस्लीम पूर्वजांच्या वंशजांनी ताओ आणि बौद्ध देवळांसाठी काड्या वळाव्यात यात त्या भागाला कधी काही विपरीत वाटले नाही.

योंगचुनची पद्धत भारतीय वळण्याहून निराळी आहे. बांबूच्या बारीक काड्यांची जुडी पाण्यात बुडवतात, मग चिकट भुकटीत लोळवतात, झटकतात, पुन्हा पाणी, मग सुगंधी भुकटी, आणि हा फेरा पुनःपुन्हा. प्रत्येक फेरीत काडीवर एक थर चढतो. जुडी मनगटाच्या एका झटक्याने पंख्यासारखी उलगडतात, म्हणजे काड्या एकमेकींना चिकटत नाहीत, आणि अंगणात उन्हात तशाच उभ्या करतात. भारतात बाई पाटावर बसून कोळशाच्या आणि लाकडाच्या भुकटीचे मळलेले पीठ तळहाताने काडीवर वळते. पीठ काडीला धरून ठेवणारा पदार्थ जिगट, म्हणजे मैदा लकडी किंवा गुलंब या झाडांच्या सालीची भुकटी. चिनी कारागीर वापरतात ती नानमू जातीच्या सालीची भुकटी याच कुळातली. दोन्ही देशांतल्या कारागिरांनी सुगंध नसलेला, पण चिकटणारा आणि सावकाश जळणारा पदार्थ एकाच वनस्पतिकुळातून शोधून काढला, हे कारागिरीच्या इतिहासातले दुर्लक्षित नवल आहे.

महाराष्ट्रात उदबत्तीचे हातकाम म्हटले की पंढरपूरचे नाव पहिले येते. तेथे बुक्का आणि उदबत्ती हे दोन्ही धंदे वारीच्या आधारावर वाढले. आता बहुतेक ठिकाणी यंत्राने कच्ची काडी वळतात आणि मागाहून ती सुगंधी द्रावणात बुडवतात. त्या काडीत धूपद्रव्य असतेच असे नाही, वास वरून येतो. मसाला उदबत्तीत सुगंधी द्रव्य पिठातच मळलेले असते, म्हणून ती महाग पडते. मध्यंतरी काही वर्षे काड्यांसाठी लागणारा बांबूही चीन आणि व्हिएतनाममधून येत होता. केंद्र सरकारने ऑगस्ट 2019 मध्ये उदबत्तीच्या आयातीवर निर्बंध घातले आणि 2020 मध्ये बांबूच्या काड्यांवरील आयात शुल्क 10 वरून 25 टक्के केले. त्यानंतर देशी काडी पुन्हा परवडू लागली.

ताओ पद्धतीचा धूप महाराष्ट्रात प्रत्यक्ष जळतो तो मुंबईत, माझगावला. डॉकयार्ड रोडच्या परिसरात 1919 मध्ये बांधलेले सी यिप कून हे दुमजली चिनी मंदिर आहे. क्वांगतुंग प्रांतातील चार तालुक्यांतून गोदीच्या आणि जहाजांच्या कामासाठी आलेल्या लोकांनी ते उभारले. खाली करुणेची देवी ग्वानयिन, वरच्या मजल्यावर ग्वान गोंग. हा तिसऱ्या शतकातला सेनानी, ताओ देवमंडळात न्याय आणि इमानाचा देव झालेला. चिनी नववर्षाला येथे लाल काड्यांचे जुडगे पेटतात आणि बांबूच्या शलाका हलवून कौल घेतला जातो. 1962च्या युद्धानंतर मुंबईतली चिनी वस्ती झपाट्याने आटली. मंदिर मात्र चालू राहिले. दक्षिण चीन आणि तैवानमध्ये नवे देऊळ बांधताना मूळ देवळाच्या धूपदानीतली राख आणून नव्या धूपदानीत घालतात. या रीतीला ‘फन श्यांग’, धूपाची वाटणी, म्हणतात. देवाची शाखा राखेने पडते, मूर्तीने नव्हे. मनुदेवीचा अंगारा पुडीत बांधून सुरतेला किंवा मुंबईला नेणाऱ्या खानदेशी माणसाला हे समजावून सांगावे लागणार नाही.

धुराचे दोषही आता मोजले जातात. बंद खोलीत काडी जळत राहिली की सूक्ष्म कणांचे प्रमाण वाढते, आणि दमेकऱ्याला ते बाधते. तैपेईतल्या शिंगत्यान मंदिराने ऑगस्ट 2014 मध्ये धूपदान्याच हटवल्या. हे मंदिरही ग्वान गोंगचेच. भक्त आता तेथे रिकाम्या हातांनी नमस्कार करतात. लू श्योचिंगच्या यादीतली पहिलीच वस्तू अशी नाहीशी झाली, आणि भक्ती चालू राहिली. दुसऱ्या बाजूला, 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात बॉसवेलियाच्या राळेतील इन्सेन्सोल अ‍ॅसिटेट या घटकाने उंदरांमधली भीती कमी झाल्याचे दिसले. माणसाच्या मनःशांतीबद्दल त्यावरून लगेच निष्कर्ष काढणे उतावीळपणाचे होईल, आणि सालईच्या धुराबद्दल तर अधिकच, कारण सालईच्या तेलात मुख्य वाटा आल्फा-थुजीन या वेगळ्याच घटकाचा असतो.

धुरापेक्षा झाडाची अडचण मोठी आहे. सालईची फांदी रोवली तर फुटते, पण बियांपासून उगवण मुळातच कमी, आणि रोपटी वर्षानुवर्षे गवताच्या उंचीवरच अडकून पडतात. वणवा आणि चराई यांनी ती पुन्हा जमिनीला लागतात. आफ्रिकेत एरिट्रियातील बॉसवेलिया पॅपिरिफेरावर झालेल्या अभ्यासात डिंक न काढलेल्या झाडांच्या बिया 80 टक्क्यांहून अधिक उगवल्या, तर सतत घाव घातलेल्या झाडांच्या 16 टक्के. झाड आपली साखर जखम भरण्यात खर्च करते, बीला कमी उरते. त्यामुळे एका झाडावर मोजकेच घाव घालणे आणि काही हंगाम त्याला विश्रांती देणे हा उपाय सुचवला जातो. 2006च्या वन हक्क कायद्याने गौण वनोपजाची मालकी जंगलात राहणाऱ्या समाजांना दिली आहे, आणि अभयारण्याची हद्दही त्याला अपवाद नाही. यावलच्या डोंगरात कोणत्या झाडाला कधी हात लावायचा आणि कोणते सोडायचे, हे ठरवण्यात पावरा आणि तडवी गावांच्या ग्रामसभांचे म्हणणे कायद्यानेच धरावे लागते.